धुळ्या कुणाचा?

मंगळवार, संध्याकाळ

लहानपणी दौलताबादच्या शेतात मी न् दादानं आमचे स्वतःचे देव केले होते. ढगोबा, त्याची बायको सावलाई, आणि वावटळीतून येणारा धुळ्या. आज एकटीपुरती कणीक मळताना मनात आलं, धुळ्या कुणाचा? या दोघांचा मुलगा, की ढगोबाचा भाऊ? हे ठाऊक असणारं दुसरं माणूस एकच. पुण्याला फोन लावला.

"कोणते देव गं? मला काय बी आठवत नाय," दादा म्हणाला. "तू जेवलीस का?"

जेवले म्हटलं. कणीक तशीच परातीत होती.

म्हणजे आता ते देव माझ्या एकटीचे. चिडून ठरवून टाकलं, धुळ्याला कुणीच नाही. मग राहवेना. थोड्या वेळानं त्याला सावलाईच्या पदरात घातलं.