पांढरे पडदे

८ जानेवारी, सोमवार

प्रज्ञा अकराला आली. रिक्षाने नाही, बस घेऊन. खरीखुरी मिनीबस, संगणक कंपनीतल्या पोरांची ने-आण करून दमलेली. बस निवृत्त झाल्यावर तिला नवं काम मिळालं. मला तेवढंही नाही.

"आई, हे माझं घर."

आत कॉट, बेसिन, शेगडी, कपाट. युनिफॉर्म प्लॅस्टिकमध्ये टांगलेला. खिडक्यांना आतून काळा कागद. मी म्हटलं, एकाहत्तरच्या ब्लॅकआउटला आम्ही असेच कागद लावले होते, आता कोणाशी लढाई आहे? म्हणाली, "झोपेशी. दिवसा झोपावं लागतं गं."

एकुलती एक मुलगी, नव्या विमान कंपनीत सहवैमानिक. दीडशे माणसं उडवते आणि राहते चाकांवर. इथे बिबवेवाडीत माझ्या फ्लॅटमध्ये तिची खोली दिवाळीपासून लावून ठेवली आहे. पांढरे लेसचे पडदे, मी स्वतः शिवलेले.

९ जानेवारी

वाद. तिचं म्हणणं, पहाटेची ड्यूटी असली की इथून विमानतळाला जायला दोनला उठावं लागतं. संध्याकाळची असली की स्वारगेटच्या चौकात गर्दीत अडकूनच विमान सुटतं. म्हणून ड्यूटीच्या दिवसांत बस विमानतळाजवळ, मैत्रिणीच्या काकांच्या गोदामाच्या आवारात. नळ आहे, संडास आहे. सुट्टीला इथे, बिल्डिंगच्या आवारात.

"मग तिकडे भाड्याने खोली घे."

"बघितलं."

"मग?"

"आई, चहा टाक ना."

१० जानेवारी

झोप आली नाही. दादा आठवले. माझे वडील, कारखान्यात फिटर. आम्ही पाच जणं एका खोलीत. दुसरी खोली शोधायला रोज संध्याकाळी पेठांतून हिंडत. रिकामी खोली, दारावर पाटी. आत गेले की आधी आडनाव, मग "अहो, आत्ताच दिली हो." छप्पन्न साली धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं ते यासाठी, की पुढे कुणी माझ्याशी असं बोललं तर इंग्रजीत उत्तर देता यावं.

या दारावर पितळी पाटी आहे. माझ्या नावाची. आणि त्यांची नात बसमध्ये राहते. दादांना काय सांगू?

१३ जानेवारी

नोटीस बोर्डावर, टंकलिखित:

"आवारात घर लावू नये. घरासाठी इमारत बांधलेली आहे."

खाली सोसायटीच्या चेअरमनची सही. भाषेला नाव ठेवता येत नाही, हाच राग. त्यांना जिन्यात गाठलं.

"अहो कांबळे मॅडम, वाहन असेल तर माझी काही हरकत नाही. पण आत कुकरच्या शिट्ट्या होतात."

"आपल्याकडे होत नाहीत का?"

"आमच्याकडे चार भिंतींत होतात."

या माणसाला पेन्शन कशाबद्दल मिळते?

१६ जानेवारी

माझीच चूक. सुट्टी आजच संपली, बस अजून इथेच आवारात. प्र. दुपारी आत झोपली होती, रात्री विमान. तीनला चहा घेऊन गेले, दार वाजवलं. एकदाच. बरं, दोनदा. उठली, घड्याळ बघितलं, ऑफिसला फोन केला: विश्रांती पूर्ण नाही, मी उडवत नाही. तिच्या जागी दुसऱ्याला बोलावलं.

"एका कपाने काय होतं?"

"आई, झोप झाली नसताना झाली म्हणून सही करायची नाही. आमच्याकडे एवढा एकच धर्म आहे."

कप तिने घेतला. चहा गार झाला होता, तरी प्यायली. ते जास्त लागलं.

१९ जानेवारी

पत्र लिहिलं. विमान कंपनीच्या मुख्य कचेरीला, इंग्रजीत, दोन पानं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या, तक्रारीत विशेषण घालू नये, वस्तुस्थितीच पुरेशी लाजिरवाणी असते. तसंच केलं. ज्या वैमानिकाच्या जागेपणावर दीडशे जीव अवलंबून, ती भंगारातल्या बसमध्ये झोपते. कंपनीने राहण्याची सोय करावी. नोकरीत एकतीस वर्षं साहेबांची पत्रं दुरुस्त केली. इतकं नेमकं वाक्य माझ्या हातून क्वचितच उतरलं आहे.

रजिस्टर्ड टाकलं. प्र.ला सांगितलं नाही. सोय झाली की कळेलच.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं.

प्र. दुपारी आली. टेबलावर झेरॉक्स ठेवली. माझं पत्र.

"मला रोस्टरवरून काढलंय, ड्यूटी बंद. चौकशी होईपर्यंत. राहण्याची जागा काय, विश्रांती होते की नाही."

मी म्हटलं, सही आहे ना खाली, माझी. लपवलं नाही मी.

"सही बघायच्या आधीच ओळखलं. असा सेमिकोलन पुण्यात तू एकटीच देतेस." हसली नाही. "ऑफिसात मी या घराचा पत्ता दिला होता. बसचं कुणाला माहीत नव्हतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तिथे मी आठ-आठ तास झोपत होते, आई."

"खोली का नाही घेतलीस मग!"

"पाच बघितल्या. एकाला एकटी बाई नको. एकीला अवेळी येणारी बाई नको. तिघांनी नाव विचारलं, पायलट म्हटल्यावर चहा दिला, मग पूर्ण नाव विचारलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पत्र लिहिलं असतंस."

झेरॉक्स घडी करून माझ्या कपाटात ठेवली.

३ फेब्रुवारी

दुसरं पत्र लिहायला बसले. पहिलं मागे घेते म्हणून. चार मसुदे. प्रत्येकात मी एकतर खोटारडी ठरते, नाहीतर वेडी. फाडले. आयुष्यभर जे एक हत्यार चाललं, ते...

५ फेब्रुवारी

प्र.चा फोन. कंपनीची माणसं गुरुवारी घर बघायला येणार. त्याआधी मी लिहून द्यायचं: माझी मुलगी माझ्याकडेच राहते, स्वतंत्र खोलीत.

"राहत नाहीस तू."

"हो आई. माहीत आहे मला."

एकतीस वर्षांत खोट्या कागदावर सही केली नाही. साहेब रागावले, बदली केली, तरी नाही. हे असते तर म्हणाले असते, आता कसली शपथ घेतेस. आज सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचंच वाईट वाटलं.

आणि तिने? झोपेच्या कागदावर कधी खोटी सही न करणाऱ्या मुलीला मी हे मागायला लावलं.

७ फेब्रुवारी

खोली तयार. तिचे जुने बूट दाराशी, ब्रश कपात, युनिफॉर्मचा एक जोड कपाटात. पलंग फारच नीटनेटका दिसत होता, कोणी झोपत नाही हे ओरडून सांगणारा. म्हणून मीच त्यावर आडवी झाले, कूस बदलली, चादर चुरगळली. उशीला खळगा पाडला. साठ वर्षांची बाई, दुपारी दोनला, पुरावा तयार करते आहे.

पडदे धुऊन इस्त्री केले.

८ फेब्रुवारी, गुरुवार

दोघे आले. एक ऑफिसातला तरुण, हातात फाइल. "आंटी, बेसिकली फॉर्मॅलिटी आहे. डोन्ट वरी." दुसरे कॅप्टन, पन्नाशीचे, कमी बोलणारे. प्र. दाराशी उभी, परीक्षेला बसल्यासारखी.

तरुणाने बूट बघितले, ब्रश बघितला, खुणा केल्या. "परफेक्ट आहे, आंटी."

कॅप्टन पलंगाशी गेले नाहीत. खिडकीशी गेले. अकराचं ऊन लेसमधून आरपार, पलंगावर, उशीवर, थेट मी पाडलेल्या खळग्यात. बाहेर शाळेच्या रिक्षांचे हॉर्न. पडदा दोन बोटांत धरून बघितला.

"रात्रपाळीनंतर दिवसा इथेच झोपते?"

"हो," मी म्हटलं.

"बरं."

एवढंच. प्र.कडे बघितलं, तिने मान खाली घातली. चहा घेतला नाही त्यांनी. जाताना मला म्हणाले, "खोली छान ठेवली आहे आपण." खोचक नव्हतं ते. खोचक असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

काळा कागद माझ्या डोळ्यांनी बघितला होता. एकाहत्तरला याच हातांनी लावला होता. एकदाही डोक्यात आलं नाही. मी मुलीसाठी खोली लावली नव्हती. दादांना दाखवायला लावली होती.

१० फेब्रुवारी

बस गेली. प्र.ने लोणी काळभोरला नेली. ज्या मिस्त्रीने आतलं काम केलं त्याच्या शेडमध्ये. गोदामाच्या काकांनाही चौकशीचा फोन गेला म्हणे, त्यांना कटकट नको.

फोन केला तर मिस्त्रीने उचलला. "ताई झोपल्यात. उठवू नका म्हनल्यात. इथं बेस हाय, काळजी करू नका."

त्यालाही कळतं, उठवायचं नाही.

१४ फेब्रुवारी

कंपनीकडून काही नाही. प्र. म्हणते, जितके दिवस जमिनीवर, तितकं परत चढणं कठीण, पुन्हा तपासण्या, पुन्हा परीक्षा. शांतपणे सांगते. ओरडत नाही. मला ओरडणारी माणसं हाताळता येतात.

१५ फेब्रुवारी

पडदे काढले. स्टुलावर चढून खिडकीला काळा कागद लावला, दोन थर, कडांना चिकटपट्टी. दार लावून आत उभी राहिले. बाहेर लख्ख दुपार, आत स्वतःचा हात दिसेना. पलंगावर बसून राहिले बराच वेळ. ही झोपेची खोली झाली, आता उशिराने.

फोनवर सांगितलं तिला. खोली अंधारी केली आहे. दार मी वाजवणार नाही. ड्यूटी नसेल तेव्हा तरी ये.

म्हणाली, "बघू, आई."

१७ फेब्रुवारी, शनिवार

आवारात बस उभी राहायची तिथे तेलाचा डाग आहे. काल तिथे कुणीतरी स्कूटर लावली. मी ती हलवायला लावली आणि कोरफडीची कुंडी नेऊन ठेवली, जागा धरायला.

आज बोर्डावर:

"आवारात कुंडी ठेवू नये. कुंडीसाठी बाल्कनी बांधलेली आहे."

वाचली. पेन पर्समध्ये होतं, काढलं नाही. खाली जाऊन कुंडीला पाणी घातलं.