शेळ्या तोंड लावत नाहीत ते झाड

आये, तू गेल्यावर चार-पाच वर्षांनी आम्ही नसरापूरला रस्त्याकडेला नर्सरी टाकली. तुला वाचता येत नव्हतं म्हणून सासरहून कधी चिठ्ठी लिहिली नाही, आणि आता लिहायला बसलेय. गुलाब मी फारसे ठेवत नाही. माझ्याकडे सदाफुली, कण्हेर, बोगनवेल. एकदा मूळ धरलं की पाण्याची वाट न बघता वर्षानुवर्षं फुलणारी. उन्हाळ्यात आजूबाजूचं सगळं करपतं, तेव्हा हायवेवरून वळणाऱ्या माणसाला लांबूनच माझ्या कुंड्यांचे रंग दिसतात.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आपली चार घरांची वाडी. पाऊस चार महिने झोडपायचा आणि पुढं आठ महिने झऱ्यावरून हंड्यानं पाणी. शाळेतून मला जास्वंदीची फांदी मिळाली होती. ती दारात लावली, तिला पालवी फुटली, आणि रानातून परतलेल्या शेळ्यांनी ती बुडख्यापर्यंत खाल्ली. मी आकांत केला. "तुला शेळ्याच लेकी हायती, मी कुनी न्हाई!" तू धार काढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "त्यांच्या जिवावर जेवतीस, जरा नीट बोल." दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू शेळ्यांमागून आलीस ती पदरात काहीतरी धरून. ओल्या चिंधीत मुळं गुंडाळलेलं, गुलाबी सदाफुलीचं रोप. "हे लाव. लई दिस बघतीया, एक शेळी तोंड लावत न्हाई याला." मी धावत जाऊन मोरीच्या पाण्याजवळ खड्डा घेते, तर तू हात धरतेस. "हितं नगं. कुजंल. तिकडं मुरमाच्या बांधावर लाव, पानी निथळून जातंय." मग तू पांढरी आणलीस, कण्हेरीची फांदी आणलीस, तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडलीस. मी लाडानं रोज पाणी घालायचे तर ओरडायचीस, "आधी मातीत बोट घाल. वल लागली तर तांब्या ठेव खाली." वैशाखात अख्ख्या वाडीत आपल्याच दारात फुलं होती.

पुढं भोंगवलीचे पाहुणे मला बघायला येणार होते. आदल्या दिवशी चुलती दारात उभी राहून म्हणाली, "ही मसणवट्यातली फुलं दारात? पाव्हनं काय म्हनतील?" तू ती रोपं कुठून आणायचीस हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तुला विचारलंही नाही. सकाळी तू शेळ्या घेऊन गेलीस, आणि मी बांधावरची सगळी सदाफुली मुळासकट उपटून ओढ्यात टाकली. तू लवकर परतलीस. बांधापाशी थांबलीस. मी म्हटलं, "शेळ्यांनी खाल्ली." शेळ्या तर सकाळपासून तुझ्याबरोबरच होत्या, आये. तू माझ्याकडं बघितलंस, माझ्या हातांना लागलेल्या मातीकडं बघितलंस. "व्हय, खाल्ली आसंल," एवढंच म्हणालीस आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला बसलीस.

लग्न जमलं. पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा गळलेल्या बियांची रोपं बांधावर परत उगवून फुलली होती. निघताना तू कागदाच्या पुडीत त्यांचंच बी बांधून दिलंस. "तिकडं शेळ्या न्हाईत," मी म्हटलं. तू हसलीस. "नसंना का. लाव." त्याच बियांतून माझ्या सासरच्या अंगणात पहिला वाफा झाला. शेजारणी रोपं मागायला लागल्या, आणि त्यातूनच पुढं ही नर्सरी.

मागच्या आठवड्यात एक बाई आल्या. त्यांनी भोरकडं घर बांधलंय, येतात फक्त शनिवार-रविवार, पाणी घालायला कुणी नाही. मी त्यांना वाफा उंच करायला सांगितला, मातीत मुरूम किती घालायचा ते सांगितलं, कोणतं झाड भिंतीच्या झळेला टिकेल ते दाखवलं. त्या खूश झाल्या. "किती बारकाईनं माहितीये तुम्हाला! कुठं शिकलात?" मी म्हटलं, "पुण्यात कोर्स केला."

मी कसलाच कोर्स केलेला नाही, आये. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलेय.