बरणीतली वार

आदरणीय सिंधूताई,

धाकट्या हिंमतचा जयभीम. सोनाळ्यात सगळं खुशाल असेल, तुझे गुडघे सोडून. इकडे चिखलीत आपली मयुरी आणि तिची नवी पोरगी दोघी ठणठणीत आहेत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू रडणार नाहीस. (फोनवर तू अर्ध्यातच रडतेस, म्हणून पत्र.)

सातव्या महिन्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वारेवर गाठ दिसतेय. मी 'गाठ' एवढंच ऐकलं आणि स्टुलावरून खाली आलो. मयुरीनंच पोट सांभाळत उठून मला पाणी पाजलं. (नर्सनं माझं नाव विचारलं. 'हिंमतराव' सांगितल्यावर ती तोंड दाबून बाहेर गेली.) मग बाईंनी समजावलं, की गाठ मयुरीला नाही, बाळालाही नाही, बाळाला रक्त पुरवणाऱ्या वारेला आहे. रक्तवाहिन्यांचाच गुंता, कॅन्सर नव्हे. अशी गाठ क्वचितच एवढी वाढते. लहान असती तर कळलीही नसती; पण ही पेरूएवढी, म्हणून बाळाच्या हृदयावर ताण येतो का ते पाहत राहायचं. तिचं नाव कोरिओअँजिओमा. तुझी भावजय कोकिळा शेवटपर्यंत 'वारेवरचा पेरू'च म्हणाली. दर तपासणीला मी बाहेर घामाघूम, आणि मयुरी मलाच धीर द्यायची, "बाबा, काऊन घाबरता? पाहा, कशा लाथा मारून राह्यलं!"

सिझर थोडं लवकर झालं. बाळ रडलं, मी त्याहून जास्त. मग वार तपासायला बुलडाण्याला पोचवायची होती. औषधात बुडवलेली ती बरणी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "आंब्याचं लोणचं हाय काय?" मी खरं ते सांगितलं. वाटलं, उठून जाईल. पण ती म्हणाली, "बाळंतीण बरी हाय ना?" आणि उतरेपर्यंत प्रत्येक वळणावर तिनं बरणीला हात लावला. ("भाऊ, हळू धरा.")

रिपोर्ट आला. साधी गाठ, काळजी नाही.

तुझा,
हिंमत

ता. क. बाळाला न्हाऊ घालायला लगेच ये.

ता. क. दुसरा : न्हाऊ घालायला बाई मिळालेली आहे. बाळ झोपलं की श्वास चालू आहे का ते मी वाकून पाहतो, त्यानं ते उठतं, म्हणून मायलेकींनी मला खोलीत यायला बंदी केली आहे. तू आलीस की तुझ्या मागून मला आत शिरता येईल.