जमादाराचे बिनचुलीचे लाडू

मु. पेडगाव, जि. परभणी
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, सन १३४७ फसली

रा. रा. दिनकररावजी यांना पेडगावहून व्यंकटरावाचा बसल्या जागेवरून रामराम.

बसल्या जागेवरून अशासाठी, की परवापासून वाकायची सोय राहिलेली नाही (वांग्याचं भरीत, कारण पुढे येईलच). आपली तबियत कशी आहे? हैदराबादचं पाणी मानवलं का? आपल्या बहिणीला दिवसातून दोनदा वाटतं की दादा वाळला असेल, आणि ते ती माझ्याकडे बघून अशा सुरात म्हणते की जणू आपला तबादला मीच करवला. आमच्या मातोश्री धुरपताबाई खुशाल आहेत, गुडघे सोडून. मनकर्णा खुशाल आहे. मीही खुशाल आहे. कुणी विचारत नाही म्हणून आपणच लिहून टाकतो.

आपलं कार्ड मिळालं. तिकडे अंगणाचं घर मिळालं, आता संक्रांतीला येऊन जमादारला घेऊन जाणार, हे वाचून आनंद झाला. (आनंद हा शब्द दोनदा खोडलेला दिसेल. टाक खराब आहे.) अमानत ती अमानत. ज्याची वस्तू त्यानं न्यावी, यात आमचं काहीएक म्हणणं नाही. तसंही कुत्र्याचं हे नाव ठेवून आपण आमची जी पंचाईत केलीत ती आम्हीच जाणतो. श्रावणात पोलिसातले खरे जमादार गावात चौकशीला आले, दोन दिवस चावडीवर राहिले, आणि ते दोन्ही दिवस आम्ही आपल्या कुत्र्याला 'बाळा' म्हणून हाक मारत होतो. तो बिचारा रुसून कणगीमागं जाऊन बसला.

तेव्हा आपण त्याला खुशाल न्यावं. फक्त नेण्याआधी एक गोष्ट शिकून घ्यावी, नाहीतर तो तिकडे उपाशी मरेल, आणि ती म्हणजे त्याचे लाडू. हे लाडू मी स्वतः शोधून काढले आहेत. चूल लागत नाही, तवा लागत नाही, बाईमाणसाची परवानगी लागत नाही. ही पत्राची मुख्य बाब असून बाकी सगळा फापटपसारा समजावा.

आपण त्याला बैलगाडीनं आमच्याकडे आणून सोडलंत आणि परभणीला परत गेलात, तो दिवस आपल्याला आठवत असेल. त्यानंतरचा आम्हाला आठवतो. पाच-सहा दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. दारात परभणीच्या रस्त्याकडे तोंड करून पडायचा. संध्याकाळी परभणीकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली की उठून उभा राहायचा, गाडी गेली की परत पडायचा. मनकर्णेनं भाकरी टाकली, नाही. ताक ठेवलं, नाही. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे भरून आले. 'दादाचं कुत्रं हाय. दादा यईस्तोवर जित्तं ऱ्हायला पायजे,' एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, काहीतरी ऊन ऊन शिजवून घाल. तेवढ्यात देवघरातून मातोश्रींचा हुकूम आला, 'ह्या चुलीवर देवाचा निवद होतो. कुत्र्याचं भांडं तिच्यावर चढायचं न्हाई. मी जित्ती हाय तवर न्हाई.' हुकमावर अपील नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मग माझं डोकं चाललं. (हसू नये.) चुलीवर चढायचं नाही ना, मग न चढवता करू. गोठ्यात जागा केली. शिळी ज्वारीची भाकरी कौलावर उन्हात वाळवली, गुरांचं मीठ फोडायच्या दगडानं भरडली. पाटा-वरवंटा मागितला असता तर त्यावरही हुकूम निघाला असता. वाण्याकडून फुटाणे आणि भाजके शेंगदाणे आणून तेही त्याच दगडानं कुटले. पहिल्या दिवशी हे सगळं दुधात कालवलं, तर लाडू वळायच्या ऐवजी काला झाला, आणि तो आमच्या ढवळ्या बैलानं आनंदानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी बांधणीसाठी गूळ घातला. लाडू असे सुरेख झाले की हलवायानं बघत राहावं. पण सुपात ठेवून पाणी प्यायला गेलो, परत येतो तो लाल मुंग्यांनी सूपच ताब्यात घेतलेलं. तिसऱ्या दिवशी अक्कल आली. दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं, पाणी गळून चक्का झाला, आणि त्या चक्क्यात भरड मळून बोराएवढे लाडू वळले. गूळ नखाएवढा, नुसत्या वासापुरता. एक आधी मी खाऊन बघितला. वाईट नव्हता. मग दोन खाल्ले.

उरलेले घेऊन दारात त्याच्याजवळ जाऊन बसलो. कुत्र्याशी काय बोलायचं ते मला तेव्हा येत नव्हतं. हातावर लाडू ठेवला आणि मीपण परभणीच्या रस्त्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं तळव्याला ओलं लागलं. दिनकरराव, आपल्याला खोटं वाटेल, पण माझ्या पहिल्या कापसाला भाव मिळाला तेव्हासुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढचे आठ दिवस त्यानं इतक्या आवडीनं लाडू खाल्ले की एकदा बंडीच्या खिशात ठेवलेले शोधताना खिसाही खाल्ला.

तेव्हापासून आजतागायत दर दोन दिवसांनी मी गोठ्यात बसून लाडू वळतो. गाव मला 'व्यंकट हलवाई' म्हणतं, म्हणू दे. दही मागायला गेलो की मनकर्णा न बोलता गाडगं पुढं करायची, आणि ती गालात हसते असं मला दोनदा वाटलं. शहाण्या माणसाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आता परवाचं सांगतो. परवा चंपाषष्ठी, म्हणजे आपली वांगेसट. आषाढापासून आमच्या घरात वांगं नाही की कांदा नाही, हे आपण जाणताच. आणि वांग्यावाचून माझं काय होतं हेही जाणता. परसात यंदा वांगी अशी धरली होती की ओळीतून चालताना मी तोंड फिरवून चालत असे. सहा दिवस खंडोबाचे घट बसलेले, मातोश्री आणि मनकर्णा दोघींचे सहाही दिवस उपवास. सहाव्या दिवशी तळी भरायची, रोडगा आणि भरताचा नैवेद्य दाखवायचा, त्यातला घास कुत्र्यानं खायचा, मग माणसांनी. कुत्र्याच्या तोंडानं देव जेवतो, त्याच्या आधी घरात कुणी कण तोंडात घालायचा नाही. एरवी आमच्या दारी कुत्रं नसे, म्हणून आमच्या पडीक रानात मेंढ्या बसवणारा धोंडीबा धनगर आपलं कुत्रं घेऊन यायचा. यंदा मातोश्रींनी त्याला बजावून सांगितलं, 'तू ये, कुत्रं आणू नको. औंदा देवानं घरचंच धाडलंय.'

दुपारी तळी भरली. येळकोट झाला, भंडारा उधळला, जमादारच्या कपाळालाही लावला. (शोभत होता.) पत्रावळीवर रोडगा, भरीत, पातीचा कांदा मांडून त्याच्यापुढं ठेवलं. घरातली आणि तळीला आलेली माणसं हात जोडून उभी. जमादारनं वास घेतला, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि उठून सावलीत जाऊन आडवा झाला.

आधी सगळे हसले. मग मनकर्णेनं त्याला चुचकारलं, मी दरडावलं, धोंडीबानं टाळूवर जीभ वाजवून बोलावलं. जमादार शेपूट हलवायचा, उठायचा नाही. दिवस कलायला लागला. आतून भरताला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास येत होता, आणि तो मी कसा सोसला ते माझं मला माहीत. मातोश्री खांबाला टेकून बसल्या. सहा दिवसांच्या उपवासानं त्यांचे ओठ सुकले होते, तरी पाण्याला हात लावीनात. म्हणाल्या, 'देव रुसला. माझ्या हातून काय तरी चुकलंय.' हे ऐकल्यावर मात्र कुणी हसेना.

मी धावत गोठ्यात गेलो आणि लाडू आणून रोडग्यावर ठेवला. जमादार लगेच उठला, अदबीनं लाडू तेवढा तोंडात धरला आणि घरामागं निघून गेला. सगळे ओरडले, खाल्लं! मातोश्री म्हणाल्या, 'लाडू नेला. निवद तसाच हाय.' आणि मग जो तो माझ्यावर उलटला. व्यंकटरावानं लाडू चारून कुत्र्याची जीभ बिघडवली, आता त्याला देवाचं अन्न गोड लागत नाही! खरं सांगायचं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आत कुठंतरी असंही वाटलं, की लाडू खंडोबाच्या रोडग्याला मागं सारण्याइतके चांगले झाले असतील तर ती काही लहान गोष्ट नाही. (हे मातोश्रींना वाचून दाखवणार नाही.)

शेवटी धोंडीबा उठला. जमादार परत येऊन पडला होता, त्याच्या पोटाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, 'मालक, ह्याचं प्वाट टम्म हाय. ह्याला सकाळच्यान कोण खाऊ घातलंय?'

मग मनकर्णा पदर तोंडाला लावून म्हणाली, 'म्या. दूधभाकर दिली. ऊन करून.' आजच का, असं मी विचारलं. 'रोजच देते. पहाटं, आत्याबाई उठायच्या आदी.' चार महिने, दिनकरराव! आमच्या चुलीवर! मी मातोश्रींकडे बघितलं. वीज कोसळायची वाट बघत होतो. मातोश्री खाली बघत होत्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, 'आज पहाटं म्या रोडगे भाजायलते. हे लेकरू तोंडाकडं बघायलतं. पयलाच रोडगा फुटला. फुटका देवाला कसा ठिवावा? म्हणून घातला त्याला.' आणि त्यांनी सुनेला विचारलं, 'तू रोज किती देतीस?' 'अर्धी.' मातोश्री म्हणाल्या, 'मी बी दुपारी अर्धी देते. तू पाण्याला गेलीस की.'

एवढं बोलून त्या रडायला लागल्या, की तळी भरायच्या आधीच मी देवाचा रोडगा कुत्र्याला घातला, आता कुळाला दोष लागणार. ते रडणं खरं होतं. त्यांना तसं बसलेलं मी वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच बघितलं. धोंडीबानं पत्रावळीपुढं डोकं टेकवलं आणि मोठ्यानं हसला. म्हणाला, 'आक्का, उगं रडायलाव. पयला रोडगा कुणाला पायजे? कुत्र्याला. कुत्र्यानं खाल्ला का? खाल्ला. देव पहाटंच जेवून बसलाय, तुमीच दिवसभर उपाशी बसलाव!'

अशा निकालावर पुन्हा अपील कोण करणार? मातोश्री डोळे पुसता पुसता हसल्या, मनकर्णेनं आधी त्यांच्या तोंडाला पाणी लावलं, आणि मग आम्ही जे जेवायला बसलो, त्यात मी किती वांगी खाल्ली हे इथे लिहीत नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की लाडवाची कृती वर दिली आहे ती जपून ठेवावी. चक्का घट्ट हवा, गूळ नखाएवढाच. तिकडे दफ्तरातून येऊन करायला घटकाभर लागेल. करताना गडबड करू नये आणि तो जवळ असला तर त्याच्याशी थोडं बोलावं, त्याला आवडतं. संक्रांतीला वाट बघतो. थोरामोठ्यांना दंडवत, धाकट्यांना आशीर्वाद, आणि कागद संपला म्हणून आवरतो.

आपला,
व्यंकटराव

ता. क. १. कागद संपला नव्हता. आत्ताच परसातून आलो. वाकता येत नाही म्हणून वांग्याच्या ओळीत बसकण मारून खुरपं घातलं तर लाडू निघाला. मग दुसरा. चौदा मोजले आणि खुरपं ठेवून दिलं. खालच्या ओळी अजून राहिल्याच आहेत. म्हणजे पहिले आठ दिवस सोडले, तर आपला जमादार माझ्याकडून लाडू फक्त माझं मन राखायला घेत होता. वांगी यंदा इतकी का धरली याचाही उलगडा झाला. तेव्हा लाडवाची कृती रद्द समजावी.

ता. क. २. तो जगला तो लाडवांवर नाही, हे आता कबूल करायला हवं. दोन बायकांनी एकमेकींना चोरून चारलेल्या अर्ध्या अर्ध्या भाकरीवर तो जगला. ती कृती पत्रातून पाठवता येत नाही. आणि खरं तेच लिहितो: संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली की तो अजूनही उठून उभा राहतो. आपल्याला विसरलेला नाही. पण हल्ली गाडी गेली की तो दारात पडत नाही. घरात येतो आणि मातोश्रींच्या बाजेखाली जाऊन झोपतो. बाकी आपण सुज्ञ आहात.

ता. क. ३. मनकर्णा शेजारी येऊन बसली आहे आणि म्हणते, एवढं लांबड लावून तुमी मुद्द्याचं लिव्हलंच न्हाई, आता म्या सांगते तसं लिवा. ती सांगते तसं लिहितो: 'दादा, संक्रांतीला नक्की ये. चार दिस ऱ्हा. भरीत खा, त्याच्याशी पोटभर खेळ. साखळी तेवढी आणू नको.'