निशातगंजचा फ्लॅट आणि लतिकाचे पित्ताशय

मी, हणमंत बाबूराव शिरतोडे, वय ६८, निवृत्त धातुतज्ज्ञ, मूळ गाव विटा, जिल्हा सांगली, सध्या राहणार निशातगंज, लखनौ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी दाखला दिला आहे तो माझ्या बुद्धीचा, स्वभावाचा नाही. मी संतापलेला आहे, हे वारसांनी सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. वकील म्हणाले, हिंदीत लिहा. पण राग मला मराठीतच धड येतो. हिंदी भाषांतर त्यांनी जोडावे.

१. याआधीच्या मृत्युपत्रात हा फ्लॅट मुलगा आदेश याला दिला होता. ते मृत्युपत्र रद्द.

२. फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. माझ्यामागे तो विकावा आणि येईल ती सगळी रक्कम, बँकेतल्या ठेवींसह, डॉ. शर्मिष्ठा बाजपेयी यांच्या पित्ताशयाच्या कर्करोगावरील संशोधनाला द्यावी. माझी पत्नी लतिका याच आजाराने जून २०२३ मध्ये गेली, निदानानंतर पाच महिन्यांत. गंगेकाठच्या या पट्ट्यात कितीतरी बायका अशाच जातात. का, ते कोणी नीट सांगू शकत नाही. शर्मिष्ठाबाईंनी ते शोधायला सरकारी कमिटीकडे तीनदा पैसे मागितले. तिसऱ्या नकाराचे पत्र मी स्वतः वाचले: रुग्ण फार लवकर दगावतात, त्यामुळे अभ्यास पूर्ण होणे कठीण. म्हणजे बायका लवकर मरतात, म्हणून त्या का मरतात ते शोधायचे नाही!

मानक नगरच्या रेल्वे प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे तुटलेले रूळ तपासले. तुकडा टेबलावर आला की तडा कुठून सुरू झाला ते सापडेपर्यंत मी कोणाला घरी जाऊ देत नसे. रूळ फार लवकर तुटतात, तेव्हा तपासू नका, असे कोणी म्हणाला असता तर त्याची मी गचांडी धरली असती.

३. निधीच्या पाटीवर लतिकाचे नाव नको. आजाराचे नाव लिहावे, पूर्ण आणि मोठ्या अक्षरांत. पाच महिने घरी येणारा प्रत्येक जण 'वो वाली बीमारी' म्हणत होता. ज्याचे नाव घ्यायची लाज वाटते त्याच्यासाठी पैसे मागणार कोण? इतर कर्करोगांतून बऱ्या झालेल्या बायका सभा घेतात, टीव्हीवर बोलतात, आणि चांगलेच करतात. आमच्या आजाराच्या वतीने बोलायला कोणी उरतच नाही.

४. आदेशला माझी स्कूटर आणि तपासणीचे भिंग. तो बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "पापा, रिसर्च में पैसा डालने से मम्मी वापस आ जाएँगी क्या?" नाही येणार. तुला फ्लॅट मिळाल्यानेही येणार नाही.

५. लतिकाचे दागिने मुलगी उत्कर्षा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मराठी ती अक्षरे लावत वाचते, पण वाचते.

६. शेजारच्या चंद्रप्रभा मिश्रा तेरवीला जेवता जेवता म्हणाल्या, "भाभीजी तली चीज़ें भी तो बहुत खाती थीं।" त्यांना लतिकाची भज्यांची कढई द्यावी. पंधरा वर्षे दर रविवारी त्या कढईतली अर्धी भजी त्यांनीच खाल्ली आहेत. त्या ठणठणीत आहेत.

७. हे कलम फ्लॅट विकण्यापूर्वी उत्कर्षाने आदेशला मोठ्याने वाचून दाखवावे.

सप्टेंबर २०२१ मध्ये एका नर्सिंग होममध्ये खड्यांमुळे लतिकाचे पित्ताशय काढले. सर्जनने बाहेर येऊन ते बाटलीत घालून माझ्या हातात दिले, सोबत चिठ्ठी. म्हणाले, "बायोप्सी करा लीजिएगा, सामने ही लैब है।"

मी विचारले, "ज़रूरी है क्या? पथरी ही तो थी।"

"फिर भी करा लीजिए।"

लॅब जेवणासाठी बंद होती. तासभर थांबावे लागणार होते. मला भूक लागली होती आणि बाटलीची किळस येत होती. मी ती फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जेवायला गेलो.

सव्वा वर्षाने लतिकाला कावीळ झाली आणि कर्करोगाचे निदान झाले. आदेश, आधीच निदान का केले नाही म्हणून तू नर्सिंग होमवर केस करायला निघाला होतास. मी तुला अडवले ते मोठ्या मनाने नव्हे. त्या बाटलीत कर्करोग होता की नव्हता, तेव्हाच कळले असते तर ती वाचली असती की नसती, हे आता कधीच कळणार नाही. हा सगळा राग मी कमिटीवर, शेजाऱ्यांवर, तुझ्यावर काढत आलो. त्यातला सर्वांत मोठा वाटा माझा आहे आणि तो मी कोणालाही देऊ शकत नाही.

ऑपरेशननंतर आठवड्याने तिने रिपोर्टचे विचारले. मी म्हणालो, नॉर्मल आहे. तिने कागद मागितला नाही. म्हणाली, "तुम्ही बघितलंत ना? मग झालं."

वरील मजकूर सर्वस्वी माझा आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.

सही: हणमंत बाबूराव शिरतोडे

साक्षीदार:
१. निनाद यशवंत पाटणकर, मानक नगर
२. मालिनी सक्सेना, निशातगंज

स्थळ: लखनौ
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५