अंगठ्याआधी

युवराजभाऊंना,

काल तुम्ही कागद पुढे केलात. "वहिनी, वारस लावाना कागद शे. आठे अंगठा द्या." हात पिठाचे आहेत म्हणून मी टाळलं. पण वरची ओळ वाचली होती: वारसनोंद नव्हे, हक्कसोडपत्र. म्हणजे शेतातला ह्यांचा वाटा मी तुम्हाला सोडून दिला, माझ्या पुनमला काही उरलं नाही. तिच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले, हे फक्त ह्यांना ठाऊक होतं. हे गेल्यापासून आम्ही मायलेकी तुमच्याच घरात आहोत. बाहेर काढलंत तर जायचं कुठे?

हे पत्र दिलं तर तुम्ही सावध व्हाल, म्हणून ते डाळीच्या डब्यात राहील. सोमवारी तुम्ही धुळ्याला नोंदणी कचेरीत न्याल, तेव्हा साहेबांसमोर, अंगठ्याआधी मी तो कागद मोठ्यानं वाचणार आहे. आवाज फुटला पाहिजे.

तुमची वहिनी,
पार्वता