पाच स्पीकर, एक खाट

२४ ऑक्टोबर २००४, रविवार

पाच स्पीकर! वर काळा डबा वेगळाच — वूफर म्हणे. माझ्या आईची खाट टाकायला बाहेरच्या खोलीत जागा नाही, आणि ह्या सहा खोक्यांना बरी जागा झाली! कंपनी बंद पडली, पैसे हातात आले, म्हणलं आता जरा जपून. तर दसऱ्याला लोक सोनं आणतात, ह्यांनी टेम्पोतून खोकी आणली. "होम थेटर." सव्वीस वर्षं पत्रा दाबायच्या मशीनवर उभे राहिले, घरी आले, जेवले, झोपले. मला कधी थेटरात नेलं नाही. आता थेटर घरी!

आणि वाजत काहीच नाही! डिस्क लावायचं मशीन त्यात येतच नाही, ते वेगळं घ्यायचं. चंदर दुकानदारानं खोकी विकताना सांगितलं असणारच. ह्यांनी नेहमीसारखी मान हलवली असणार.

तीन हजार उरलेत. ते मी काढून घेतले. मशीन मी निवडणार, आणि वर एक रुपया नाही, असं सांगितलं. हे टीव्हीकडे बघत बसले. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत तरी हलली असती.

२५ ऑक्टोबर

आईचं लिहिते. कुणाला सांगायची सोय नाही.

आई इगतपुरीच्या पुढं वाडीवर राहते, माझ्या धाकट्या भावाकडे, कोंडाजीकडे. भात निघालं की दिवाळीनंतर कोंडाजी बायकोपोरं घेऊन पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जातो. होळीपर्यंत घरात आई एकटी. गेल्या वर्षी हंडा घेऊन येताना अंगणात पडली. सकाळी पडली, शेजारणीनं बघितली दुपारी. तोवर तशीच पडून. आता डोळ्यांनीही कमी दिसतं.

तेवढे चार महिने आईला इथं आणू का — दोन वर्षांत तीनदा विचारलं ह्यांना. सासूनं जावयाच्या घरी येऊन राहायचं, हे आमच्यात एकदा विचारायलाच जीभ रेटत नाही. मी तीनदा विचारलं! समोर बसून नाही, तसं कोण विचारतं — भाकरी थापता थापता, पाठमोरी. तिन्ही वेळा उत्तर नाही. होही नाही, नाहीही नाही. म्हणजे नाहीच की! सरळ शिवी दिली असती तर मी पण दोन दिल्या असत्या. गप्प बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

२७ ऑक्टोबर

चंदरच्या दुकानात गेलो दोघं. नाशिक रोडला स्टेशनच्या अंगाला आहे. एवढंसं दुकान, आणि आठ टीव्ही एकदम ओरडत होते.

"या वहिनी! सोमनाथभाऊ, बसा. व्हीसीडी सोळाशेला, चायनाचा डीव्हीडी सत्तावीसशेपासून, आणि कंपनीचा म्हणाल तर चार हजार आठशे."

"तीन हजारांत येतं तेवढंच दाखवा. बाकीचं ऐकवू नका."

"अहो वहिनी, जन्मात एकदा घ्यायची वस्तू —"

"जन्मात एकदा घ्यायची, तर दरवर्षी नवी कशाला आणता दुकानात?"

चंदर हसला. तो हसला म्हणून हेही हसले. मग चंदरनं कंपनीच्या मशीनची आरती सुरू केली. चित्र असं, आवाज तसा, गॅरंटी एवढी. हे मान हलवतात. "मग भाऊ, हाच पक्का करू ना?" तरी मान हलवली! चार हजार आठशेला! मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. हे मागून आले. रिक्षात मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ह्यांनी रस्त्याकडे बघून घेतलं. ह्या माणसाला कुणी रेल्वेचं स्टेशनही विकेल.

२८ ऑक्टोबर

दिवसभर ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ह्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही!

३१ ऑक्टोबर, रविवार

मीना आली, इंदिरानगरहून. लेक म्हणून नाही सांगत, पण घरात अक्कल तिलाच आहे.

"आई, व्हीसीडी नको घेऊस. स्वस्त पडतो, पण त्याचा आवाज दोनच बाजूंचा. मग बाकीचे स्पीकर काय शोभेला?"

"मग डीव्हीडी."

"त्यातही बघून घे. बाबांनी आणलेल्या डब्याला सहा वायरी लागतात. म्हणजे मशीनच्या मागं आवाजाची सहा भोकं पाहिजेत. काही मशीनला दोनच असतात, नाव कितीही मोठं असू दे."

हे मला कळलं! त्या दिवशी चंदर काय काय इंग्रजी फेकत होता — आणि गोष्ट एवढीच. मशीन उलटं करून भोकं मोजायची. मी मेथीची जुडी सोडून बघते, तसं. चौथी शिकले म्हणून काय झालं, सहापर्यंत येतं मला.

मग म्हणाली, "बाबा फोन का घेत नाहीत गं? परवा तू बाजारात गेलीस तेव्हा दोनदा केला. वाजून वाजून बंद झाला."

"महाराज झालेत ते. फोन हाताशी वाजतो, हे पेपर वाचतात."

तिनं त्यांच्यासमोर उभं राहून तक्रार केली. तर म्हणाले, "अगं, तुझी आई घेते ना, मला कोण विचारतं!" दोघं हसले. माझंच डोकं फिरलं.

जाताना चपला घालताना मीना म्हणाली, "आजीचं मी बोलू का बाबांशी?" म्हणलं, खबरदार! माझी आई आहे. तुझ्या तोंडून सुद्धा नकार ऐकायचा नाही मला.

३ नोव्हेंबर

कोंडाजीचा फोन. फाट्यावरून केला होता, मागं ट्रक ओरडत होते.

"आक्का, मुकादमाची गाडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी येनार हाय. आईचं काय करायचं?"

"माझी एकटीचीच आई आहे का ती?"

"तसं नाय गं. पर बागेत पालात कुठं ठेवू तिला? थंडी लय आसती. तुझं पक्कं घर हाय, नळ घरात हाय. दाजी काय म्हनले?"

"काही म्हणाले नाहीत."

"म्हंजी नाय म्हनले?"

मी काय सांगू? तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. तिलाही फाट्यावर घेऊन आला होता, एवढी चालवत! "तिला तरास देऊ नको रं. तिच्या घरात भांडान लागंल. मी ऱ्हाईन हितंच." आणि मग कोंडाजीला म्हणाली, ठेव, पैसं पडत्यात.

ऱ्हाईन म्हणे. अंगणातला हंडा दिसत नाही हिला, आणि ऱ्हाईन!

घरात आले आणि वितीनं भिंत मोजली. खाट नीट बसते. फक्त वूफर तिथून हलवला पाहिजे. लाथ मारावीशी वाटली. मारली. पायाला लागलं.

५ नोव्हेंबर

आज एकटीच गेले. ह्यांना नेऊन उपयोग नाही.

"मशीन उलटं करा," म्हणलं.

"अं?"

"उलटं. मागची बाजू दाखवा."

कंपनीचा चार हजार आठशेवाला — मागं भोकं दोन! चायनाचा सत्तावीसशेचा — सहा. मोजून सहा.

"वहिनी, कंपनीच्या मशीनला डिजिटल वायरची सोय आहे ना पण."

"ती वायर आमच्या डब्यात बसते का?"

चंदर टीव्हीचा आवाज कमी करायला गेला.

"डबा तुम्हीच विकलाय. बसते का?"

"नाही बसत."

मग मी पिशवीतून डिस्क काढली. भाड्यानं डिस्क देतो त्या पोराकडून सगळ्यांत वाईट मागून नेली होती. तव्यासारखी खरवडलेली. आमच्या घरी येणार त्या भाड्याच्याच डिस्क, कोऱ्या कोण आणतंय! म्हणलं ही ज्याच्यात चालेल तो घेणार. पहिला चायना अडकला. दुसऱ्यात माणसाचं अर्धं तोंड आलं आणि थांबलं. तिसरा खोकला, खोकला आणि चालला. तो एकोणतीसशेचा होता. सत्तावीसशेला ठरवला. वायरी त्यातच, घरी येऊन जोडून द्यायचं त्यातच, बिलावर शिक्का आणि सहा महिन्यांची गॅरंटी लिहून घेतली.

"वहिनी, तुम्हीच दुकान काढा."

"काढलं असतं. पण गिऱ्हाईकाला दोन भोकांचं सहा म्हणून विकायला जमायचं नाही."

घरी येऊन ह्यांना म्हणलं, झालं का मनासारखं? मशीन आलं, आता माझं काय? पेपर वाचत होते. पान उलटलं.

७ नोव्हेंबर, रविवार

आजचं सगळं लिहिते.

चंदर सकाळी आला. पुढचे तीन स्पीकर जोडले. मागच्या दोघांना वायर कमी पडली. मशीनमध्ये एक सोय असते — एकेका स्पीकरमधून खर्र आवाज येतो, आणि टीव्हीवर खोलीचं चित्र येतं. ज्या स्पीकरचा आवाज चालू, तो चित्रात पिवळा होतो. ती चालू ठेवली, "वहिनी, ह्या मागच्या वायरी जरा धरा, भिंतीला लागू देऊ नका," म्हणाला आणि खाली गाडीतून वायर आणायला गेला.

हे खुर्ची मधोमध टाकून बसले होते, टीव्हीकडे तोंड करून. मी मागं उभी.

"पुढचा डावा — वा!" म्हणाले. "मधला — स्वच्छ!" तिकडून खर्र येत होतं, खरंच. मग खोलीत एकदम शांत झालं. आणि हे म्हणाले, "मागचा उजवा — काय आवाज आहे! कानाशी येऊन बोलल्यासारखा!"

मागच्या उजव्याची वायर माझ्या हातात होती. टोक मोकळं. स्पीकर मुका.

आधी वाटलं, चंदरला बरं वाटावं म्हणून बोलतायत. पण चंदर तर खाली होता! मग चित्रात मागचा डावा पिवळा झाला, आणि हे म्हणाले, "मागचा डावाही तसाच." हे ऐकत नव्हते. वाचत होते.

चंदर आला, जोडून गेला. मी सगळं बंद केलं. पंखासुद्धा. हे तिथंच बसलेले. पाठीशी जाऊन उभी राहिले. "अहो." काही नाही. "चहा टाकू का?" नाही. "घराला आग लागलीय." नाही. मग मी नाव घेतलं. उखाण्यात नाही, सरळ नाव. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. "सोमनाथ!" एवढ्या मोठ्यानं की शेजारची भिमाबाई खिडकीत आली. "काय झालं गं?" म्हणाली.

ह्यांनी मान वळवली नाही. मशीनचं कागदाचं पुस्तक वाचत होते.

८ नोव्हेंबर

सकाळी समोर जाऊन बसले. कधी बसत नाही तशी. म्हणलं, "कधीपासून?"

माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. हे मला आज दिसलं!

"काय कधीपासून?"

"कान."

मग म्हणाले, "सात-आठ वर्षं. डावा आधी गेला. कंपनीत कळलं असतं तर मशीनवरून काढून झाडू हातात दिला असता."

"आणि मला?"

"तू ओरडूनच बोलतेस. भागत होतं."

आणि हसले! मला हसू आलं नाही. म्हणलं, मग ऐकू येत नाही तर पाच स्पीकर कशाला? म्हणाले, "तो डबा वाजला की छातीत कळतं. वाटलं, मोठा आवाज घेतला तर थोडं येईल." एवढंच. उठले आणि दाढी करायला गेले.

आठ वर्षं! आठ वर्षं मी कुणाशी भांडले? किती बोलले, किती रडले, रात्ररात्र फणफणले, सगळं हवेत. डॉक्टर होता, मशीन मिळतं कानाचं. गेले नाहीत. लाज! मला रोज माणसाची लाज काढायला लावली आणि स्वतःची झाकून ठेवली. कीव करू म्हणता? नाही करणार.

पण दुसरं डोक्यातून जात नाही. तीनदा विचारलं ते. तिन्ही वेळा पाठमोरी, भाकरी थापत. ओठ दिसले नाहीत म्हणजे काही गेलंच नसेल. म्हणजे तो नकार नव्हता? दोन वर्षं मी आईला सांगितलं, जावयाला नको आहे. आई त्यांच्यासमोर डोकं झाकून बसायची, चोरासारखी. कोंडाजीनं दिवाळीचा फराळ पाठवणं बंद केलं. आणि ह्यांना कशाचाच पत्ता नाही!

की होता? एखाद्या वेळी आलं असेल थोडं, आणि न ऐकल्यासारखं केलं असेल. तेवढी अक्कल आहे. मला आता काही खरं वाटत नाही.

समोर बसून विचारायचं म्हणते, तर जीभ उचलत नाही. कान विचारता आला. हे नाही येत.

१० नोव्हेंबर

हे पान तुमच्यासाठी. वही पेपरात घालून ठेवतेय. मागची पानं वाचायची तर वाचा, एक शब्द खोडलेला नाही आणि खोडणार नाही.

माझी आई भाऊबीजेपासून होळीपर्यंत बाहेरच्या खोलीत राहील का? हो किंवा नाही. खाली लिहा, तुमच्या हातानं. पाडव्याला सकाळी ओवाळायला बसाल त्याच्या आत. ओवाळणी नको मला. उत्तर पाहिजे.